झरियाचा बारीक कोकिंग कोळसा आणि स्पायरल: बरेच महिने चालवल्यावर

आमच्या वॉशरीत (कोळसा धुऊन दगड वेगळा करणारा प्लांट) बारीक मालासाठी स्पायरल (गोल जिन्यासारखी उतरती पन्हाळ, पाण्यासोबत वाहताना हलका कोळसा आणि जड दगड वेगळे होतात) बसवून आता बरेच महिने झाले, मधे पावसाळाही येऊन गेला, म्हणून आता नीट लिहितोय. आधी अर्धा मिमीच्या खालचं सगळं सरळ फ्लोटेशनला (हवेच्या बुडबुड्यांना चिकटवून कोळसा फेसासोबत वर काढणं) जायचं. आता साधारण ०.१ ते १ मिमीचा माल स्पायरलवर आणि त्याखालचा स्लाइम (अगदी बारीक गाळ) तेवढा फ्लोटेशनला.

जे खरंच आवडलं ते आधी. फ्लोटेशनला लागणारं डिझेल नाही, फेस आणणारं फ्रॉदर नाही, जड द्रव बनवायला लागणारं मॅग्नेटाइट नाही, फिरणारा एकही पार्ट नाही, फक्त पंप. आणि जुन्या ढिगातला, हवा लागून ऑक्सिडाइज झालेला कोळसा आला की फ्लोटेशन रुसतं, स्पायरलला काही फरक पडत नाही कारण ते घनतेवर चालतं (असल्या कोळशाची कोकिंग ताकद, म्हणजे पोलादासाठी कोक बनायचा गुण, गेलेली असते ती काही परत येत नाही, तो प्रश्न वेगळा). चालू असताना बघत राहावंसं वाटतं, बाहेरच्या कडेला काळाभोर कोळसा, आत खांबाजवळ करड्या दगडाचा पट्टा, त्या पट्ट्यावर नजर ठेवूनच आमचे ऑपरेटर स्प्लिटर (दोन पट्टे वेगळे करणारी पाती) फिरवतात.

आता अडचण. फीडमधे (स्पायरलवर येणाऱ्या पाणी-मालात) घन माल २५ ते ३५ टक्के आणि एकसारखा पाहिजे, स्लाइम आधीच काढून टाकणारा डीस्लाइमिंग सायक्लोन जरा ढिला पडला की चिकट माती वर येते आणि प्रॉडक्टची राख (जळून उरणारा भाग) चढते. पावसात हे फार झालं.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कट, ज्या घनतेला कोळसा आणि दगड वेगळे होतात ती. स्पायरल साधारण १.६ ते १.८ घनतेवर कापतं, त्याच्या खाली आणणं फार अवघड. झरियाच्या कोळशात दगड कोळशात इतका मुरलेला असतो की कट घनतेच्या आसपासचाच माल खूप निघतो, तो चुकीच्या बाजूला जातो. कोकिंग कोळशाची स्टील ग्रेड २ ही प्रत म्हणजे राख १८ टक्क्यांपर्यंत, आणि ती सगळ्या एकत्र मालाची मोजतात. त्यामुळे स्पायरलचा माल २१-२२ ने आला तर भरपाई म्हणून डेन्स मीडिया सायक्लोनची (जाडा माल जड द्रवात वेगळा करणारं यंत्र) घनता उतरवावी लागते, मग जाड्या मालातला चांगला कोळसा मिडलिंगमधे (मधल्या, कमी दर्जाच्या मालात) जातो. म्हणजे तोटा होतो भलतीकडेच, आणि नुसती स्पायरलची यील्ड (किती टक्के चांगला माल मिळाला ते) बघणाऱ्याला तो दिसतच नाही! माझं स्पष्ट मत आहे की हिशोब पूर्ण प्लांटचाच करायला पाहिजे.

कट १.६ च्या खाली हवा असेल त्यांनी रिफ्लक्स क्लासिफायर बघावा, ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या केविन गॅल्विन यांचं काम, खालून पाणी सोडलेला मालाचा थर आणि वर तिरक्या प्लेट्स. फक्त त्याला स्वच्छ पाणी लागतं आणि इन्स्ट्रुमेंटवाला माणूस हाताशी पाहिजे. आणि काहीही घ्या, ऑर्डर द्यायच्या आधी आपल्याच सीमच्या (खाणीतल्या थराच्या) कोळशाची, साइजप्रमाणे वेगवेगळी सिंक-फ्लोट (कोणत्या घनतेच्या द्रवात किती तरंगतं, किती बुडतं ती चाचणी) करून घ्या, विक्रेत्याच्या नमुन्याची नको.