रूट ६६ वर मुक्काम कुठं: विल्यम्स की विन्स्लो?

गावाकडून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत ग्रँड कॅनियनची सहल ठरतेच. त्यातच कुणीतरी सुचवतं की आय-फोर्टी या आजच्या महामार्गावरून नुसतं पळत जाण्यापेक्षा रूट ६६ या शिकागो ते लॉस एंजेलिसच्या जुन्या महामार्गावरच्या एखाद्या रेल्वेच्या गावात रात्र काढा. ॲरिझोनातलं फ्लॅगस्टाफ आता चांगलं मोठं शहर झालंय, ते बाजूला ठेवू. उरतात दोन गावं: फ्लॅगस्टाफच्या अलीकडे ३२ मैलांवर विल्यम्स आणि पलीकडे ५८ मैलांवर विन्स्लो. दोन्हीकडे राहून झालंय, म्हणून लिहितोय.

विल्यम्सची बाजू कागदावर भक्कम आहे. कॅनियनचा दक्षिण काठ तिथून तासाभरावर. गाव साडेसहा हजार फुटांच्याही वर, आजूबाजूला पाइनचं जंगल, त्यामुळे मोहावी वाळवंटाच्या भट्टीतून आल्यावर जीव थंड होतो. रूट ६६ वरचं आय-फोर्टीने वळसा घातलेलं हे शेवटचं गाव. १३ ऑक्टोबर १९८४ ला बायपास सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी रूट ६६ सरकारदप्तरातून गेला. शेवटपर्यंत वाहतूक गावातूनच चालू राहिल्यामुळे असेल, पण मुख्य रस्त्यावरची निऑनच्या पाट्यांची, जुन्या मोटेलांची रांग अजून भरलेली वाटते. बाकीची कित्येक गावं तोवर ओस पडली होती.

आणि मुख्य आकर्षण म्हणजे इथून थेट कॅनियनच्या काठापर्यंत जाणारी रेल्वे. १९०१ साली सुरू झाली, मोटारींनी १९६८ मध्ये प्रवासी गाडी बंद पाडली आणि १९८९ मध्ये ती पुन्हा धावू लागली. निघण्याआधी स्टेशनाशेजारी काउबॉयांची लुटुपुटूची गोळीबारी, परतीच्या वाटेवर घोड्यावरून येणारे दरोडेखोर. दहा वर्षांखालची मुलं या सगळ्यावर बेहद्द खूश असतात. आमची होती.

घोडं अडलं ते वेळेपाशी. गाडी साधारण साडेनऊला निघते, पावणेबाराच्या सुमारास काठावर पोचते आणि दुपारी साडेतीनला परत फिरते. म्हणजे पदरात पडतात ते नेमके डोक्यावर ऊन असलेले तास. भर दुपारी कॅनियन सपाट दिसतो. सावल्या नसतात, तांबड्या थरांचे रंग विटल्यासारखे वाटतात, सासूबाई छत्री उघडून सावली शोधत असतात. तीनच्या पुढे कुठं जरा उजेड तिरपा होऊ लागतो, कडे एकमेकांपासून सुटे दिसायला लागतात, आणि तेवढ्यात आपण सगळ्यांना हाका मारत असतो, “चला, चला, गाडी सुटेल.” जूनमध्ये तिथं सूर्यास्त पावणेआठच्या आसपास. ज्यासाठी लोक एवढ्या लांबून येतात तो चार तास आधीच सोडून द्यायचा, हे मला काही केल्या पटेना. यात गाडीचा दोष नाही. दिवसाभराची फेरी अशीच आखावी लागणार. ज्यांना प्रवासाचीच हौस आहे त्यांना कदाचित हे खटकणारही नाही.

आमचे सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. संध्याकाळी विल्यम्सच्या फलाटावर उभं राहून त्यांनी विचारलं, “अहो, मेन लाइन कुठाय इथं?” तर मेन लाइन १९६० मध्येच गावाच्या उत्तरेला सरकली. गावातून आजही मालगाड्या जातात, पण त्या फिनिक्सच्या फाट्यावरच्या. त्यानंतर मलाही ते गाव थोडं नाटकाच्या सेटसारखं दिसू लागलं. अन्याय होतोय माझ्याकडून, पण दिसू लागलं खरं.

विन्स्लोचं उलट. तिथं पहिल्या नजरेत काही नाही. वारा, धूळ, बंद दुकानांचे दर्शनी भाग. एका जुन्या लोकप्रिय गाण्यात उल्लेख आल्यामुळे प्रसिद्ध झालेला एक कोपरा आहे, तिथं पुतळ्याशेजारी फोटो काढायला दहा मिनिटं पुरतात. पण रेल्वे खरी आहे. शिकागोहून लॉस एंजेलिसकडे जाणारी मेन लाइन गावातून जाते आणि मालगाड्यांचे कर्मचारी इथं पाळी बदलतात. सासऱ्यांनी तासाभरात निकाल दिला: “हे आपलं भुसावळ.”

रुळांना लागूनच ला पोसाडा हे हॉटेल आहे. मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी त्याचा आराखडा केला. कॅनियनच्या काठावरचं होपी हाउस आणि डेझर्ट व्ह्यूचा मनोराही त्यांचाच. शेअर बाजार कोसळल्यावर काही महिन्यांतच, १९३० मध्ये, हे उघडलं. १९५७ मध्ये बंद झालं, पुढे रेल्वेची कचेरी बनलं आणि १९९७ पासून पुन्हा हॉटेल. पाहुणे आगगाडीने येणार म्हणून दर्शनी बाजू रुळांकडे केलेली. आज आपण रूट ६६ वर मोटार लावून ज्या दाराने आत शिरतो ते खरं तर मागचं दार. दक्षिणेकडच्या हिरवळीवर जाऊन बसलं की समोरून नारिंगी इंजिनं आणि एकावर एक रचलेले कंटेनर जात राहतात. मुलाने एका गाडीचे डबे मोजायला घेतले, मधेच आकडा चुकला, तेव्हा आजोबांनी मोजणी आपल्या हातात घेतली. तिकीट नाही, वेळापत्रक नाही, कुणी हाक मारत नाही.

तोटेही सांगतो. संध्याकाळनंतर गावात करण्यासारखं काही नाही आणि जेवायच्या जागा मोजक्या. शाकाहारी असाल तर मेथीचे पराठे, शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या. झोप सावध असेल त्यांनी रुळांपासून लांबची खोली मागावी. कॅनियनही तिथून दीडेकशे मैलांवर पडतो. फक्त एकच दिवस हातात असेल आणि सोबत लहान मुलं असतील, तर मी मुकाट विल्यम्स म्हणेन.

दोन दिवस मिळत असतील तर मात्र आधी विन्स्लो गाठा. तिथून आणखी पूर्वेकडे पेट्रिफाइड फॉरेस्ट, म्हणजे दगड झालेल्या झाडांचं रान, करून येता येतं. रूट ६६ चा तुकडा पोटात असलेलं हे एकमेव राष्ट्रीय उद्यान, आणि तो रस्ता जिथून जायचा तिथं खुणेला १९३२ ची एक गंजकी स्टुडबेकर मोटार उभी करून ठेवली आहे. तिथलं गेट लवकर बंद होतं, तेवढं सांभाळा. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिअर क्रेटर हा उल्का आदळून झालेला खड्डा, जेवायला फ्लॅगस्टाफ, आणि तिथून कॅमरनमार्गे पूर्वेच्या फाटकाने डेझर्ट व्ह्यूला सहापर्यंत पोचा. सूर्यास्तापर्यंत निवांत थांबता येतं. त्या रात्रीची खोली दक्षिण काठाजवळच्या टुसायान गावात घ्या; उन्हाळ्यात तिथले दर बघून पोटात गोळा येतो, म्हणून बुकिंग आधीच करून ठेवलेलं बरं.