ट्रॅक्शन बारसाठी वाळूजचं हे वर्कशॉप: दिवस मोडतो, पण गाडी सरळ पळते

मी जालन्याचा. माझी जुनी होंडा सिटी व्हीटेक फक्त ड्रॅगसाठी ठेवली आहे, बंद धावपट्टीवर 402 मीटर पळवायला. मागच्या वर्षी आंबी व्हॅलीला क्लच सोडला की पुढची चाकं थडाथडा उडायची. चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं, म्हणजे लोअर आर्मचं, रबरी बुश दबतं, चाक पुढे ओढलं जातं, टायरची पकड सुटली की झटक्यात मागे येतं, पुन्हा पुढे. त्यातच उजवा एक्सल तुटला. मग दुसऱ्या शहरातून ट्रॅक्शन बार, म्हणजे आर्मला पुढून धरून ठेवणारे दांडे, बसवून आणले. आर्म पुढच्या क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या तुळईला) बांधला गेला, उडणं कमी झालं. पण जोर दिला की गाडी डावीकडे ओढायची. सरळ धावपट्टीवर जीव मुठीत धरून स्टिअरिंग सांभाळायचो.

इथल्या उस्तादांनी आधी गाडी खड्ड्यावर घेतली, चाकं जमिनीवरच ठेवून. उजव्या बारचा बोल्ट काढायला गेले तर हातोड्याशिवाय निघेना. "जॅकवर लोंबत्या चाकाला ठोकून बसवलाय हा. बोल्ट बोटाने सरकला पाहिजे भाऊ, नाहीतर बार उभ्या गाडीलाच ताणून धरतो." मग टायरची हवा सारखी केली आणि मला सीटवर बसवलं. दीड तास उठू दिलं नाही! माझे 84 किलो गाडीत नसताना घेतलेलं माप ते मापच मानत नाहीत.

पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर उजवीकडे 5 मिमी जास्त निघालं. म्हणजे उजवा बार आखूड, चाक पुढे, त्या बाजूचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) जास्त. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते, म्हणून डावीकडे. बारला एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्या टोकाला उलटे. दोन आट्यांमधलं अंतर दीड मिमी, त्यामुळे एका फेऱ्यात बार 3 मिमी वाढतो. माझ्या हिशोबाने पावणेदोन फेरे लागायला हवे होते. पण बार आर्मवर चाकापासून आत बांधलेला असतो, चाकाशी फरक वाढूनच पडतो. सव्वा फेऱ्यात दोन्ही बाजू जुळल्या आणि बोल्ट खरंच बोटाने आत गेला. कॅस्टर हलला की टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) हलतोच, म्हणून दोन्ही बाजूंना नायलॉनची दोरी ताणून टोही पुन्हा लावला. हे मला आधी कुणी करून दिलं नव्हतं.

खर्च 2,500 रुपये. कॉम्प्युटर अलाइनमेंट इथे नाही, फोन लवकर उचलत नाहीत, बसायला सावलीही नाही. उन्हाळ्यात जाणार असाल तर पाणी सोबत न्या.

रोजच्या गाडीला हे बार लावू नका, असं उस्ताद स्वतःच सांगतात. रॉड एंडमध्ये, म्हणजे बारच्या टोकाच्या सांध्यात, रबर नसतं, आपल्याकडची धूळ बसली की ते खडखडायला लागतात आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट आत येतो. असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मला तरी पहिल्यांदाच भेटला.

निघताना त्यांनी बारची लांबी जागेवर आवळून धरणाऱ्या चारही चेक नटांवर पिवळ्या पेंटची रेघ मारून दिली, नट सुटला तर लगेच दिसावा म्हणून. परवा सहा रन मारले, गाडी एकदाही ओढली नाही. खाली वाकून पाहिलं तर तीन रेघा जागच्या जागी होत्या, डावीकडची पुढची केसभर सरकलेली. तिथेच पाना लावून ती आवळली आणि सातवा रन मारला.