रात्री रस्त्यावर उभी राहणारी गाडी: स्टिअरिंग लॉक, ट्रॅकर आणि डॅशकॅम, आठ महिन्यांचा अनुभव

आमची बिल्डिंग ऐरोलीत, सिडकोच्या जुन्या वसाहतीतली. बांधली तेव्हा घरटी एक गाडी असेल असं कुणी धरलंच नव्हतं. आवारात चार-पाच स्कूटर मावतात, बाकी सगळ्यांच्या गाड्या रात्रभर सेक्टरच्या रस्त्यावर. माझी गाडी २०१८ची छोटी हॅचबॅक आहे, साध्या चावीची. मी फिजिओथेरपिस्ट, घरोघरी जाऊन पेशंटचे व्यायाम घेते. घणसोली, कोपरखैरणे, कधी कळवा, दिवसाला सात-आठ घरं होतात. ही गाडी म्हणजेच माझा दवाखाना, म्हणून हे सगळं इतक्या तपशिलात लिहिते आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, वाशीला खरेदीला गेले होते. पाऊण तासात परत आले तर मागची डावी काच जागेवर नव्हती. दाराची काच टफन्ड असते, ती फुटली की खडीसाखरेएवढे दाणे होतात. सीटच्या शिवणीतून, बेल्टच्या खाचेतून ते दाणे दिवाळीपर्यंत निघत होते. मागच्या सीटवरची काळी बॅग गेली होती. टेन्सचं मशीन (दुखणं कमी करायला विजेचे हलके झटके देणारं), छोटं अल्ट्रासाऊंड, सांध्यांचे कोन मोजायची पट्टी आणि पेशंटच्या नोंदींची वही, सगळं त्यात. मशीन पुन्हा घेता आली. वही कुठून आणणार? अर्धांगवायूनंतर एका आजोबांचा खांदा जानेवारीपासून दर आठवड्याला किती अंश वर जातोय ते त्या वहीत लिहिलेलं होतं. पुढच्या भेटीत त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "ताई, आज किती?" आणि मागच्या आकड्याशी ताडून सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

पोलीस ठाण्यात टेबलावरच्या माणसाने आधी सुचवलं की सामान हरवल्याची नोंद करून टाका, लवकर होईल. मी ऐकलं नाही. काच फोडून बॅग नेली ती चोरी झाली, हरवणं नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली गुन्हा नोंदवून घेतला आणि एफआयआरची प्रत मागून घेतली. ती फुकट मिळते, तक्रारदाराचा तो हक्क आहे. विम्याबाबत मात्र माझी समजूत चुकीची निघाली. काच गाडीच्या विम्यात बसते, आतलं सामान बसत नाही. आणि त्या काचेसाठी क्लेम केला असता तर वर्षानुवर्षं साठवलेला नो क्लेम बोनस गेला असता, म्हणून दोन हजारांच्या आतला तो खर्च खिशातूनच केला.

सप्टेंबरमध्ये तीन वस्तू घेतल्या. स्टिअरिंगचा लोखंडी लॉक १,४५० रुपयांना, वायरिंगचा जीपीएस ट्रॅकर पहिल्या वर्षाच्या सिमसकट ३,२०० ला आणि पार्किंग मोड असलेला डॅशकॅम, म्हणजे पुढच्या काचेला चिकटवायचा कॅमेरा, ६,५०० ला. आता मे चालू आहे.

आधी डॅशकॅम, कारण सगळ्यात जास्त पैसे त्यात गेले आणि मनस्तापही त्यानेच दिला. गाडी चालवताना तो उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पार्किंग मोड म्हणजे गाडी बंद असताना समोर हालचाल झाली किंवा धक्का लागला की तो रेकॉर्ड करतो. त्यासाठी त्याला गाडीच्या बॅटरीतून सतत वीज लागते. दिवाळीत सहा दिवस चिपळूणला गेलो, रेल्वेने. परत येऊन चावी फिरवली तर नुसतं टक टक. ओळखीच्या इलेक्ट्रिशियन दादांनी मीटर लावून हिशेब दाखवला: कॅमेरा पाव अँपिअर ओढतो, म्हणजे दिवसाला ६ अँपिअर-तास. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. सहाव्या दिवशी ती रिकामीच व्हायची. कॅमेरा जोडताना कट-ऑफ असलेलं किट लावायला हवं होतं, आधीच्या दुकानदाराने ते लावलं नव्हतं आणि मला विचारायचं माहीत नव्हतं. आता लावलंय, बॅटरी १२.२ व्होल्टवर आली की कॅमेरा आपोआप बंद होतो. हा कट-ऑफ ११.८ वर ठेवू नका, तोवर बॅटरीत फारसं काही उरलेलं नसतं. सुट्टीला जाताना तर मी पार्किंग मोड बंदच करते. घेताना आणखी एक विचारा, आत लिथियम बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर (बॅटरीऐवजी वीज साठवणारा भाग). एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीची पुढची काच तव्यासारखी तापते, तिथे चिकटवलेल्या वस्तूत कपॅसिटरच बरा.

ट्रॅकरशी जुळवून घ्यायला महिना गेला. तो डॅशबोर्डच्या आत वायरला जोडलेला असतो. स्वतःची छोटी बॅटरी असल्यामुळे कुणी वायर तोडली तरी तेवढा निरोप पाठवतो. पहिल्या आठवड्यात मात्र रात्रभर फोन वाजत होता. पाण्याचा टँकर गेला की धक्क्याचा अलर्ट, कुत्रं बॉनेटवर चढलं की अलर्ट, गणपतीच्या मिरवणुकीचे ढोल वाजले की अलर्ट. संवेदनशीलता कमी केली, तरी दिवाळीच्या फटाक्यांत पुन्हा तेच. कंटाळून मी रात्री फोन सायलेंट ठेवायला लागले. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचाच संबंध येणार आहे. मॉलच्या तळघरात गाडी लावली की नकाशावर ती शेवटच्या सिग्नलपाशी, म्हणजे बाहेरच्या रस्त्यावरच दिसते. तो बिघाड नाही, खाली नेटवर्क नसतं एवढंच. ट्रॅकरसोबत फोनवरून इंजिन बंद करायचा रिले मिळत होता, तो मी बसवून घेतला नाही. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेक दाबायला जोर लागतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर चोर असला तरी त्याच्या मागेपुढे शंभर माणसं असतात.

ट्रॅकरच्या आधी माझा भरवसा फास्टॅगच्या मेसेजवर होता. गाडी टोलनाक्यावरून गेली की फोनवर कळायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला, त्यात ऐरोली आणि वाशी दोन्ही आले. खिशाला बरं झालं, पण गाडी खाडीपलीकडे गेली तर मेसेज येईल ही आशा आता धरू नये.

स्टिअरिंग लॉक तिन्हींत स्वस्त, आणि रोज हाताळायला त्रासाचा. जवळजवळ दोन किलोचा पिवळा दांडा, त्यावर दोन आकडे. स्टिअरिंगच्या आतून दोन्ही बाजूंना अडकवायचा आणि ओढून लॉक करायचा. दांड्याचं एक टोक स्टिअरिंगच्या बाहेर लांब येतं, चाक फिरवलं की दाराला आणि डॅशबोर्डला आपटतं. दिवसाच्या दहा-पंधरा मिनिटांच्या भेटीत मी तो लावत नाही, खरं सांगते. रात्री मात्र एकही दिवस चुकवलेला नाही. उन्हात तापला की हात पोळतो, म्हणून सीटखाली नॅपकिन ठेवलाय. पावसाच्या शेवटी त्याचं कुलूप घट्ट झालं, तेव्हा तेल न घालता ग्रॅफाइटची पूड घातली. तेलाने धूळ धरते. स्टिअरिंगच्या कव्हरला दोन ठिकाणी दाबाच्या खुणा पडल्यात, त्या जायच्या नाहीत.

आता मार्चमधली ती रात्र.

सकाळी साडेसहाला खाली उतरले. ड्रायव्हरचं दार लागलेलं दिसत होतं, पण नीट बसलेलं नव्हतं. खिडकीची रबरी पट्टी वरच्या कोपऱ्यात वाकलेली. आत स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिकचं पॅनल एका बाजूने लोंबत होतं. गाडी मात्र जागेवर होती. पिवळ्या दांड्यावर करवतीचा एक काप, नखाएवढा खोल, आणि खाली काळ्या मॅटवर लोखंडाचा बारीक चुरा, रांगोळी सांडावी तसा चमकत होता. मी तिथेच दाराशी उकिडवी बसले आणि कितीतरी वेळ तो चुराच बघत राहिले.

फोन पाहिला. ट्रॅकरचा अलर्ट ३ वाजून १२ मिनिटांचा. त्याने त्याचं काम चोख केलं होतं आणि मी सायलेंटवर झोपले होते.

पोलिसांना कळवलं, पंचनामा झाला, मग दादा आले. लोंबणाऱ्या पॅनलखाली बोट दाखवत म्हणाले, "ताई, हा बघा पोर्ट. सर्व्हिसिंगला आम्ही इथेच मशीन लावतो." चावीत चिप असते, इमोबिलायझरला ती ओळखीची वाटली तरच इंजिन चालू होतं, एवढं मला माहीत होतं. त्या पोर्टला यंत्र लावून गाडीला नवी चावी ओळखीची करून देता येते, हे तेव्हा कळलं. "इंजिन त्याने चालू केलंही असतं," दादा म्हणाले, "पण वळवून नेली असती कशी? दांडा दारात अडकला असता." समोरच्या दूध सेंटरवर क्रेट घेऊन टेम्पो चारला येतो. तीन-बाराला सुरू केलेलं काम त्याच्या आत उरकायचं, म्हणजे त्यांच्या हातात जेमतेम पाऊण तास होता. करवत नखाएवढी आत जाईपर्यंत त्यांनी सोडून दिलं.

दादांनी हेही सांगितलं की हा दांडा अभेद्य नाही. हत्यार चांगलं असेल आणि वेळ असेल तर तोही कापता येतो, स्टिअरिंगची रिमही कापता येते. घेताना दोन्ही बाजूंना आकडे असलेला, जाड आणि कुलपाची चपटी चावी नसलेला घ्या. उपयोग इतकाच की तिथे वेळ जातो, आणि रस्त्याच्या कडेला दार उघडं टाकून करवत चालवत बसणं कुणालाच नको असतं.

कॅमेऱ्यात दोघं दिसतात. एकाने हेल्मेट घातलंय, दुसऱ्याने तोंडाला रुमाल. स्कूटर समोर उभी आहे, नंबर प्लेट अगदी कॅमेऱ्याकडे, आणि तरी नंबर वाचता येत नाही. प्लेटचा पृष्ठभाग प्रकाश परतवणारा असतो, रात्री त्यावर उजेड पडला की व्हिडिओत नुसता पांढरा चौकोन येतो. पोलिसांनी क्लिप घेतली, वेळ आणि दिशा तरी कळली म्हणाले. रात्रीच्या चोरासाठी म्हणून ६,५०० खर्च करणार असाल तर आधी हे माहीत असू द्या.

माझा भाऊ घोडबंदर रोडला राहतो, त्याची गाडी बटणाची, म्हणजे चावी जवळ असली की दार उघडतं आणि बटणाने इंजिन चालू होतं. तिथे धोका वेगळा, घरातल्या चावीचा सिग्नल यंत्राने लांबवून गाडीच्या दारापर्यंत नेतात. त्याने चावीसाठी सिग्नल अडवणारं पाकीट घेतलं. चार महिन्यांत ते घडीवर फाटलं, बाहेरून कळलंच नाही. मी त्याला सांगितलं ते इथेही सांगते: महिन्यातून एकदा चावी पाकिटात घालून गाडीजवळ उभं राहायचं आणि दाराचं बटण दाबायचं. दार उघडलं की पाकीट टाकून द्यायचं. आणि दुसरी चावी गाडीतल्या कप्प्यात कधीच ठेवायची नाही. गाडी गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. पोलिसांचा 'अ' समरीचा कागदही लागतो, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही असा. तो यायला काही महिने जातात, त्यामुळे विमा कंपनीला पहिल्याच दिवशी लेखी कळवून ठेवायचं.

पैसे न लागता केलेल्या दोन गोष्टींनीही फरक पडलाय. आता मी गाडी दूध सेंटरसमोरच्या दिव्याखाली लावते, त्यासाठी रात्री आठच्या आत घरी यावं लागतं आणि शेवटचा पेशंट मी सकाळी हलवलाय. दुसरं म्हणजे बॅग. ती आता प्रत्येक घरी माझ्यासोबत वर जाते, लिफ्ट नसलेल्या चार मजल्यांवरसुद्धा. आत काहीच दिसू नये म्हणून मागच्या सीटवरची योगा मॅटही काढून टाकली. डिकीत सामान ठेवायचंच असेल तर निघताना, घरूनच ठेवते. पोहोचल्यावर सगळ्यांसमोर डिकी उघडून ठेवत नाही, बघणारा तेच बघत असतो. रिमोट दाबल्यावर दाराला हात लावून ओढून बघते, रोज, प्रत्येक वेळी.

कापलेला दांडा बदलला. दुकानदार म्हणाला अजून चालेल, पण करवत जिथे शिरली तिथून पुढे अर्धं काम झालेलंच आहे. नवा त्याच बनावटीचा घेतला, एक भावासाठीही. डॅशकॅम आहे तसाच ठेवलाय, अपघातासाठी. ट्रॅकरचं सिम सप्टेंबरमध्ये संपतंय, ते पुन्हा भरणार आहे. फोनमध्ये आता त्याच्या ॲपला सायलेंटवरही वाजायची परवानगी दिली आहे, आणि धक्क्याचे अलर्ट बंद करून फक्त दार उघडल्याचा आणि वायर तुटल्याचा चालू ठेवलाय. एप्रिलपासून तो रात्री दोनदा वाजला. दोन्ही वेळा मी गॅलरीत जाऊन पाहिलं. एकदा दार मीच नीट लावलं नव्हतं, आणि एकदा बॅटरीचं टर्मिनल सैल झालं होतं.