नार्व्याची क्रेनहोल्म गिरणी: मार्गदर्शकासोबतची फेरी

एस्टोनियाच्या पूर्व टोकाला, रशियाच्या सीमेला लागून असलेल्या नार्वा शहरातील क्रेनहोल्म ही कापडगिरणी बंद पडली असली, तरी मार्गदर्शकासोबत तिच्या आवारात फिरता येते. कापडधंद्याच्या इतिहासाविषयी आस्था असणाऱ्याने राजधानी ताल्लिनहून रेल्वेने येऊन ही फेरी अवश्य करावी, असे माझे मत आहे.

लुडविग क्नूप या जर्मन व्यापाऱ्याने १८५७ मध्ये ही गिरणी उभारली, ती नार्वा नदीतील एका बेटावर, कारण बेटाच्या दोन्ही अंगांनी कोसळणाऱ्या धबधब्यांच्या जोरावर यंत्रे चालवता येणार होती. जागेची ही निवड मार्गदर्शकाने नदीकाठी उभे करून इतकी नेमकी उलगडून सांगितली की, पुढच्या इमारती आपोआप समजू लागल्या. मात्र १९५० च्या दशकात उभ्या राहिलेल्या जलविद्युत केंद्राकडे पाणी वळवल्यामुळे नदीचे ते पात्र आता बहुतेक काळ कोरडेच असते, त्यामुळे धबधब्यांच्या आशेने जाऊ नये. क्नूप ज्या प्लॅट ब्रदर्स या इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या कंपनीची यंत्रे रशियन साम्राज्यात (एस्टोनिया तेव्हा त्याचाच भाग होता) आणत असे, तिचीच यंत्रे मुंबईच्या गिरण्यांतही आली होती; गिरणगाव पाहिलेल्या माणसाला बिडाच्या खांबांच्या रांगा असलेली ही लांबलचक दालने अनोळखी वाटणार नाहीत.

सोव्हिएत काळाची मांडणीही चांगली होती. १९४० मध्ये झालेले राष्ट्रीयीकरण, युद्धात उद्ध्वस्त झालेले शहर, त्यानंतर रशियातून येथे येऊन स्थायिक झालेले कामगार आणि मध्य आशियातून येणारा कापूस हे सारे धागे एकत्र जुळवल्यावरच आजचे नार्वा बहुतांशी रशियन भाषा का बोलते, हे कळते. एस्टोनियाच्या स्वातंत्र्यानंतर सोव्हिएत बाजारपेठ हातची गेली, गिरणी स्वीडिश मालकीकडे गेली आणि २०१० मध्ये तिचे दिवाळे निघाले.

एक उणीव मात्र मला फार खटकली. क्नूपच्या व्यापारी कर्तृत्वाला भरपूर वेळ मिळाला, पण १८७२ च्या संपाला जेमतेम दोन वाक्ये लाभली. पटकीच्या साथीत पोळलेले, लहान मुलांनाही राबवणाऱ्या व्यवस्थेला कंटाळलेले कामगार त्या उन्हाळ्यात काम थांबवून उभे राहिले आणि त्यांना आवरण्यासाठी लष्कर आणावे लागले, हा प्रसंग ज्या आवारात घडला तेथेच तो सविस्तर सांगितला गेला पाहिजे. शिवाय आम्हाला दाखवलेल्या दालनांत यंत्रे नव्हती आणि फलकही नव्हते; त्यामुळे सूतकताई कोठे चाले आणि साचेखाते, म्हणजे विणकामाचा विभाग, कोठे होते, हे विचारल्याखेरीज कळत नाही. मार्गदर्शकाला प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. उत्तरे जाणकाराची होती.

फेरीची नोंदणी आधी करावी, जमीन उखडलेली असल्याने जाड तळव्याचे बूट घालावेत, आणि आवाराबाहेरच्या लाल विटांच्या कामगार वसाहतीसाठी वेगळा वेळ राखून ठेवावा, कारण ती फेरीत येत नाही.