ड्रिल न मारता ‘ओरिजिनल’ नंबरप्लेट लावून देतो म्हणाला

तासवडे टोलनाक्याच्या अलीकडं भर पावसात मला गाडी बाजूला घ्यायला लावली, तेव्हा पुढच्या नंबरप्लेटचं एक टोक सुटून बंपरवर फडफडत होतं. वाहतूक पोलिसानं ती धरून जराशी ओढली, तशी अख्खी प्लेट त्याच्या हातात आली. मागं करड्या फोम टेपच्या दोन पट्ट्या होत्या आणि त्या पट्ट्यांना माझ्या गाडीचा लाल रंग चिकटून आला होता. त्यानं प्लेट उलटसुलट करून बघितली, डाव्या कोपऱ्यातल्या अशोकचक्राच्या होलोग्रामखाली अंगठ्याचं नख घातलं आणि ते चक्र सोलून माझ्यासमोर धरलं.

“साहेब, ही कुठनं बसवून घेतली?”

साडेसहा हजार रुपये मोजून, घरी माणूस बोलावून, त्याला चहा पाजून बसवून घेतली होती. हे सगळं लिहितोय, कारण स्पोर्ट्स कार असो नाहीतर साधी गाडी असो, बंपरला भोक पाडायचं नाही या एका इच्छेपायी माणूस कुठल्या थराला फसतो हे मी भोगलंय.

माझं कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान आहे. पंधरा-वीस वर्षं मनात होती म्हणून गेल्या वर्षी इचलकरंजीच्या एका सूत व्यापाऱ्याकडून २०१५ची लाल ऑडी टीटी घेतली. त्यांनी गाडी फुलासारखी जपली होती. पुढं नंबरप्लेट लावलीच नव्हती. रेडियमवाल्याकडून नंबर कापून घेऊन थेट बंपरवर चिकटवला होता. अशा गाड्यांवर हे सर्रास दिसतं. गाडीचं सगळं रूप पुढच्या जाळीत आणि त्या खालच्या उतारात असतं, तिथं ड्रिल चालवायला हात धजत नाही. नुसत्या रूपाचाही प्रश्न नाही. प्लॅस्टिकच्या बंपरला भोक पडलं की त्याच्या कडेनं रंग उचलायला लागतो, कधी बारीक तडा जातो, आणि पुढं कधी विकायची वेळ आली तर घेणारा आधी त्या भोकाकडं बोट दाखवतो.

तशात एचएसआरपीचं आलं. १ एप्रिल २०१९च्या आधी नोंदणी झालेल्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. मुदत आधी ३१ मार्च २०२५ होती, मग ३० एप्रिल, मग ३० जून, मग १५ ऑगस्ट अशी पुढं पुढं गेली. आता रेडियमच्या नंबरावर भागणार नव्हतं. मी या प्लेटा बसवून देणाऱ्या एका फिटमेंट सेंटरवर गाडी नेऊन दाखवली. तिथला पोरगा खाली वाकून बघत म्हणाला, “काका, मागं अडचण नाही. पुढं ब्रॅकेटच नाही. बंपरला होल मारावं लागणार.” मी गाडी तशीच घरी आणली.

चार दिवसांनी पुतण्यानं मोबाईलवर जाहिरात दाखवली. लाल, पिवळ्या, काळ्या स्पोर्ट्स गाड्यांचे फोटो आणि खाली मराठीत ओळ: ‘एकही होल न मारता ओरिजिनल एचएसआरपी, घरपोच फिटिंग, आरटीओ मान्यताप्राप्त.’ मी फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलायचा, घाई करायचा नाही. त्यानं मला टीटीच्या बंपरची माहिती सांगितली, सेन्सर कुठं असतात तेही सांगितलं. माझा विश्वास तिथंच बसला. गाडीतलं कळतं म्हणजे माणूस खरा, असं मी धरून चाललो.

आरसी बुकचे दोन्ही बाजूंचे फोटो, चॅसी नंबर आणि इंजिन नंबर त्यानं मागून घेतले. सरकारी बुकिंगलाही हे दोन नंबर भरावे लागतात हे मला माहीत होतं, म्हणून शंका आली नाही. पैसे मात्र एका व्यक्तीच्या नावावर यूपीआयनं भरायला सांगितले. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “दादा, ते आमच्या साहेबांचं अकाउंट आहे. सरकारी साईटवर स्पोर्ट्स कारचा ऑप्शनच नाही, म्हणून आपण इकडून करतो.” दोन हजार आगाऊ, साडेचार हजार फिटिंगनंतर. अर्ध्या तासात राजमुद्रा छापलेली पावती व्हॉट्सअ‍ॅपवर आली. सरकारी दर मला तेव्हा माहीत असता तर मी तिथंच थांबलो असतो: चारचाकीला ७४५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे. गाडी ऑडी असो की अल्टो, दर तोच.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तरणा पोरगा हत्यारांची पेटी घेऊन घरी आला. स्पिरिटनं बंपर पुसला, हेअर ड्रायरनं ऊब दिली, काळ्या फ्रेमला टेप लावली, फ्रेम दाबून धरली आणि वर प्लेट बसवली. मागचीही प्लेट बदलली. “आत निओडायमियम मॅग्नेट आहेत, दोनशेच्या स्पीडलासुद्धा हलणार नाही,” असं म्हणाला. प्लेट ॲल्युमिनियमची, बंपर प्लॅस्टिकचा. मॅग्नेट यातल्या कशालाच धरत नाही. हे शाळेतल्या पोराला कळतं आणि त्या दिवशी मला कळायला पाहिजे होतं. दोन्ही बाजूंना स्नॅप लॉकच्या, म्हणजे प्लेट कायमची अडकवणाऱ्या खिळ्यांच्या, काळ्या टोप्या दिसत होत्या. दोन प्लेटांबरोबर मिळणारं, पुढच्या काचेवर लावायचं तिसरं स्टिकर मी मागितलं, तर म्हणाला, “ते पोस्टानं येतंय.” ते कधीच आलं नाही. जाता जाता त्यानं मला गाडीशेजारी उभं केलं आणि फोटो काढला, “साहेबांना पाठवायचाय.” मी हसून उभा राहिलो.

त्यानंतर सव्वा महिन्यानं साताऱ्याला एका लग्नाच्या बोलणीला निघालो होतो. पेठ नाक्याच्या पुढं पाऊस वाढला, त्यात महामार्गाचं काम चाललेलं, खड्डे, वळवलेला रस्ता. कराड सोडलं आणि पुढून थपथप आवाज यायला लागला. पुढचं सुरुवातीला सांगितलंच. चलन झालं. पोलिसानं आवाज चढवला नाही, उलट नीट समजावून सांगितलं. टोपीखालचं स्नॅप लॉक त्यानं बोटानं उचकटून दाखवलं: नुसतं डोकं होतं, खाली दांडाच नव्हता, गोंदानं चिकटवलेलं. खरं स्नॅप लॉक एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही आणि पुन्हा वापरता येत नाही, म्हणून तर ते असतं. म्हणजे ज्या गोष्टीवर या प्लेटची सगळी सुरक्षा उभी आहे, तीच माझ्या प्लेटवर दाखवण्यापुरती होती.

कोल्हापुरात आल्यावर पुन्हा त्याच फिटमेंट सेंटरवर गेलो. पोरानं गाडीचा नंबर टाकून बघितला. “काका, तुमच्या गाडीचं बुकिंगच झालेलं नाही.” त्याच्या बोलण्यात कुठंही टोचून बोलणं नव्हतं, तरी मला खुर्चीत बसावं लागलं. साडेसहा हजारांचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी गोष्ट तेव्हा लक्षात आली. माझी आरसी, चॅसी नंबर, इंजिन नंबर आणि माझ्या नंबरची प्लेट छापणारं यंत्र, हे सगळं एका अनोळखी माणसाकडं आहे. त्यानं एक जोड छापला की दोन, मला काय माहीत? उद्या कुणी दुसऱ्या लाल गाडीवर माझा नंबर लावून फिरलं तर चलन माझ्या नावावर येणार, आणि नुसतं चलनच येईल असंही नाही.

म्हणून १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन केला आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. १९३०वर मला पहिल्यांदा विचारलं, पैसे कधी गेले? महिना उलटला म्हटल्यावर समोरची बाई म्हणाल्या, फसवणूक कळल्या कळल्या फोन आला तर पैसे पुढं जायच्या आत खात्यात अडवता येतात. माझी वेळ निघून गेली होती. तरी तक्रार नोंदवून घ्या असा मी आग्रह धरला, कारण अमुक तारखेला माझ्या नंबरची खोटी प्लेट पकडली गेली याचा कागद मला हवा होता.

आता भोकाचा प्रश्न. तो सोडवला उद्यमनगरातल्या एका टर्नर अण्णांनी. एका खोलीत लेथ टाकून बसलेला साधा माणूस. मी रडगाणं सांगत होतो आणि ते डिकी उघडून हत्यारांच्या कप्प्यातून गाडीचा मूळ टोईंग हूक काढत होते. गाडी बंद पडली तर ओढून न्यायला कंपनी हा हूक देते. पुढच्या बंपरवर एक छोटं झाकण असतं, ते काढलं की आत लोखंडी तुळईला आटे पाडलेले असतात. म्हणजे भोक कंपनीनंच ठेवलेलं असतं, आपण नवीन पाडायची गरजच नाही. अण्णांनी हूकच्या आट्यावर पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायचं हत्यार) लावला, हूक बोटात फिरवला आणि म्हणाले, “उलटा आटा हाय. डावीकडं फिरवला की आत जातो. बाजारातला कुठलाबी बोल्ट जबरदस्तीनं बसवला असता तर आतला आटा गेला असता, मग गाडी ओढायची सोयच संपली.”

त्यांनी स्टीलच्या बारमधनं तसाच उलट्या आट्याचा स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, काढला. लेथवर टूल उलट्या दिशेनं चालताना मी तिथंच स्टुलावर बसून बघत होतो. निळसर कुरळी किस पडत होती आणि मधेमधे अण्णा थांबून स्टड गाडीच्या तोंडाशी नेऊन हातानं फिरवून बघत होते. तिसऱ्या वेळी तो शेवटपर्यंत मऊ गेला. त्याला पट्टी, पट्टीला प्लेटची पक्की फ्रेम, आणि हादऱ्यानं सैल होऊ नये म्हणून चेक नट. प्लेट हवेच्या जाळीवर येत नाही ना, पार्किंग सेन्सर उगाच ओरडत नाहीत ना, हे गाडी मागंपुढं करून तपासलं. खोटी प्लेट तेव्हा माझ्याजवळच होती, ती त्यांनी जाडी मोजायच्या व्हर्नियरमध्ये धरली. नियमातली प्लेट एक मिलिमीटर जाडीची; ही पाऊण मिलिमीटरसुद्धा भरली नाही. मजुरी घेतली अठराशे रुपये.

मग परिवहन खात्याच्या transport या नावानं सुरू होणाऱ्या सरकारी संकेतस्थळावरून, कुणी पाठवलेल्या लिंकवर न जाता स्वतः पत्ता टाकून, बुकिंग केलं. ठरल्या दिवशी गाडी नेली. तोच पोरगा. अण्णांची फ्रेम हलवून बघितली, मागून नट बघितला आणि म्हणाला, “काका, असं आणलं असतं तर पहिल्याच दिवशी बसवली असती.” फ्रेमला स्नॅप लॉक मारली. प्लेट मधोमध नाही, एका बाजूला आहे. गाडी ओढायची वेळ आली तर स्टडसकट सगळी फ्रेम फिरवून काढता येते, लॉक तोडावं लागत नाही.

मागची खोटी प्लेट तिथंच काढली आणि मी दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या. खऱ्या प्लेटवर अक्षरांच्या काळ्या पट्टीत तिरकं ‘इंडिया’ असं पुन्हा पुन्हा लिहिलेलं दिसतं. खोटीवर नुसता काळा रंग. खऱ्याचा होलोग्राम वीस मिलिमीटरचा चौकोन, पत्र्यात दाबून बसवलेला, नखाला लागत नाही. डाव्या खालच्या कोपऱ्यातला दहा अंकी नंबर लेझरनं कोरलेला असतो, आणि पुढच्या व मागच्या प्लेटवर तो वेगळा असतो. माझ्या खोट्या प्लेटवर पुढं-मागं एकच नंबर छापला होता, आणि बायकोच्या नेलपॉलिश रिमूव्हरच्या कापसानं तो पुसला गेला. काचेवरचं स्टिकर पेट्रोल गाडीला फिकट निळं असतं. त्यावर या दोन्ही लेझर नंबरांसह गाडीचे नंबर असतात. ते प्लेटबरोबरच मिळतं, पोस्टानं मागाहून येत नाही.

बंपरचा उडालेला रंग अजून केलेला नाही. पेंटर पूर्ण बंपर रंगवावा लागेल म्हणतोय, तेरा हजार सांगितलेत.

परवा पुतण्यानं पुन्हा मोबाईल पुढं धरला. तीच जाहिरात, पेजचं नाव बदललेलं, फोन नंबर बदललेला. वर ‘समाधानी ग्राहक’ असं लिहून एक फोटो लावलाय: लाल टीटी, तिच्या शेजारी हसत उभा असलेला मी, आणि पुढं ती टेपवर चिकटवलेली प्लेट. त्याचा स्क्रीनशॉट काढून सायबर पोलिसांना दिलाय. तो फोटो बघून कुणी आगाऊ पैसे भरले असतील तर आजच, आत्ता १९३०ला फोन करा, आणि तक्रारीत माझ्या तक्रारीचाही उल्लेख करा.