ताई, तुमच्या साइटवर लॉटरी का लागतेय?

परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "वेबसाइट करून देणारा चांगला मुलगा आहे का कुणी ओळखीत?" दोन मिनिटांत एकीने नंबर टाकला. तोच. माझ्याकडून आठ हजार कामाचे आणि साडेतीन हजार 'लायसन्सचे' घेऊन गेलेल्याचा. म्हणून हे लिहायला बसले.

मी डोंबिवलीत घरून दिवाळीचा फराळ करते. भाजणीची चकली, चिवडा, अनारसे. बरीचशी खोकी परदेशात जातात. पुतण्याने सहा वर्षांपूर्वी वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरवर, साइट उभी करून दिली होती. जुनाट दिसायची, मोबाइलवर चकलीचा फोटो आडवा ताणला जायचा, पण ऑर्डर यायच्या. गणपतीनंतर वाटलं, दिवाळीआधी जरा रूप बदलू.

वेबसाइट करणारा हा मुलगा गोड बोलणारा. "ताई, थीम बदलणं म्हणजे घराला रंग देणं. भिंतींना हात लागत नाही." थीम म्हणजे साइटचं रूप ठरवणारा तयार साचा. तो म्हणाला ते अर्धंच खरं. फराळाची माहिती, फोटो, ऑर्डर डेटाबेसमध्ये असतात, ते राहतात. पण जुन्या थीमच्या हेडरमध्ये पुतण्याने गूगल ॲनालिटिक्सचा, म्हणजे साइटवर किती लोक येतात ते मोजणारा, कोड घातला होता, तो गेला. वजन-दराचा तक्ता जुन्या थीमच्या शॉर्टकोडवर, म्हणजे चौकोनी कंसातल्या छोट्या खुणेवर, होता; तिथे नुसते चौकोनी कंस दिसायला लागले. "उद्या करतो ताई," म्हणाला. तो उद्या अजून उगवायचा आहे.

पण फसवणूक ही नव्हे. ती थीममध्येच होती.

"बाहेर ही महाग पडते, माझ्याकडे एजन्सीचं लायसन्स आहे, तुम्हाला साडेतीनमध्ये देतो." मी पावती मागितली, त्याने पीडीएफ पाठवली. थीमचं नाव, रक्कम, खाली सही. विकतच्या थीमसोबत बहुधा खरेदीचा कोड किंवा किल्ली मिळते, ती डॅशबोर्डमध्ये टाकली की अपडेट येतात. पीडीएफमध्ये तसलं काही नव्हतं. विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. उलट ॲडमिनचा पासवर्ड आणि होस्टिंगचा (जिथे साइट ठेवलेली असते त्या जागेचा) पासवर्ड, दोन्ही मीच त्याला व्हॉट्सॲपवर पाठवले. घरकामाच्या बाईला तिजोरीची चावी न देणारी मी.

त्याने साइटची वेगळी प्रत काढून त्यावर थीम बसवून दाखवायला हवी होती. ते काही नाही. थेट चालू साइटवर, अर्ध्या तासात. सुंदर दिसत होती, नाकारणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात न्यू जर्सीच्या एका जुन्या ग्राहक बाईंचा मेसेज आला: "ताई, तुमच्या साइटवर लॉटरी का लागतेय?" मी उघडून पाहिली, ठीक. फोनवरून पाहिली, ठीक. तुमच्याच फोनमध्ये व्हायरस असेल, असं मी त्यांना कळवलं! याची अजून लाज वाटते. मग ठाण्याहून, पुण्याहून तसेच मेसेज. शेवटी लेकाने स्वतःच्या फोनवर, लॉगिन न करता, गूगलवर नाव शोधून साइट उघडली. चकलीवर बोट ठेवलं, तर "अभिनंदन, तुम्ही आयफोन जिंकलात". आत घुसवलेला कोड आधी पाहतो, आलेला माणूस कोण. ॲडमिन म्हणून लॉगिन असलेल्या मालकाला हात लावत नाही. मी रोज लॉगिन करूनच बघत होते, त्यामुळे मला कधीच दिसलं नसतं.

होस्टिंगच्या सपोर्टवाल्याने तपासलं. थीमच्या फोल्डरमध्ये 'क्लास.थीम-मॉड्यूल्स.पीएचपी' नावाची फाइल आणि वर्डप्रेसच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये 'डब्ल्यूपी-व्हीसीडी.पीएचपी'. हा प्रकार जुना आहे. वर्डफेन्स या सुरक्षा कंपनीने २०१९ मध्ये त्याच्यावर सविस्तर लिहिलं होतं. विकतच्या थीम 'नल्ड' करून, म्हणजे लायसन्सची तपासणी काढून, फुकट वाटतात आणि आत हे सोडून देतात. कहर म्हणजे अशा साइटवरून गुपचूप दुवे देऊन त्या फुकट थीमच्या दुकानांनाच गूगलमध्ये वर चढवतात. माझी साइट चोरबाजाराची जाहिरात करत होती की काय, कोण जाणे.

त्याला फोन केला तेव्हा म्हणाला, "ताई, वर्डप्रेस जीपीएल आहे, कॉपी करणं कायदेशीर आहे." जीपीएल, म्हणजे कॉपी करायला मोकळीक देणारा परवाना, हे खरं आहे. पण जीपीएलने 'त्यात चोर बसवून दे आणि वर लायसन्सचे पैसे घे' असं कुठे म्हटलंय? त्यानंतर फोन उचललाच नाही.

थीम काढून टाकली की झालं, असं मला वाटलं होतं. नाही. त्या कोडने बाकीच्या सगळ्या थीमच्या 'फंक्शन्स.पीएचपी'मध्ये स्वतःला लिहून ठेवलं होतं. त्याच होस्टिंगवर माझ्या दिरांच्या क्लासची साइट होती, तीही बाधली. होस्टिंगचे बॅकअप फक्त सात दिवसांचे, म्हणजे सगळे बाधितच. शेवटी वर्डप्रेस, प्लगइन (त्याला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर), थीम सगळं मूळ ठिकाणाहून नव्याने उतरवलं. डेटाबेस तपासून ठेवला, त्यात एक अनोळखी ॲडमिन सापडला, तो काढला. फोटोंच्या फोल्डरमध्ये पीएचपी फाइल नाही ना, ते पाहिलं. सगळे पासवर्ड आणि 'डब्ल्यूपी-कॉन्फिग'मधल्या गुप्त किल्ल्या बदलल्या, म्हणजे आधी आत शिरलेला आपोआप बाहेर पडतो. मग गूगलच्या सर्च कन्सोलमधून, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सेवेतून, फेरतपासणी मागितली. या सगळ्यात बारा दिवस गेले, तेही दिवाळीच्या तोंडावरचे. गेलेले साडेअकरा हजार त्यापुढे काहीच नाहीत.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही नोंदवली. तीन आठवडे उलटल्यावर. पैसे पाठवल्याबरोबर केला असता तर कदाचित थांबवता आले असते, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. पण तेव्हा मला फसलेय हे कुठे कळलं होतं?

ग्रुपवर मी त्या नंबराखाली एवढंच लिहिलं: त्याला थीमचा खरेदी कोड मागा आणि आधी प्रतीवर बसवून दाखव म्हणा. अजून त्याचं उत्तर आलेलं नाही.

आमची जुनीच थीम परत आहे. चकलीचा फोटो पुन्हा आडवा ताणलेला दिसतो.