निराधारचा फॉर्म: मोबाइलवर, सेवा केंद्रात की तहसीलमध्ये?

घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या विधवा बाईसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करायचा असेल, तर नागपुरात आज तीन वाटा आहेत. घरी बसून ‘आपले सरकार’ पोर्टल, वस्तीतलं आपले सरकार सेवा केंद्र, नाहीतर सरळ सिव्हिल लाइन्सला जाऊन सेतू आणि तहसील. कोणती धरायची, हे अर्ज करणाऱ्या बाईंकडे बघून ठरवा. तुमच्या हातात चांगला फोन आहे, एवढ्यावरून ठरवू नका.

त्याआधी पात्रता बघून घ्या. महिन्याला १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य हवं. वय ६५ च्या पुढे असेल तर श्रावणबाळ योजनेचा फॉर्म भरायचा. बाईंना लाडकी बहीणचे १,५०० रुपये येत असतील, तर दोन्ही मिळून घेता येत नाहीत. दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढी रक्कम मिळणारी महिला लाडकी बहीणमध्ये अपात्र ठरते. हे आधीच कळलं तर पुढची सगळी धावपळ वाचते. २१,००० ची मर्यादा आजच्या महागाईत फारच तोकडी आहे. चार घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा खरा हिशेब मांडला तर त्यात बसत नाही. ती वाढायलाच हवी.

आता पोर्टल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी दाखला काढायला पोर्टल उत्तम. काम तुमच्या सवडीने होतं, पैसे ऑनलाइन भरता येतात आणि सही झालेला दाखला तिथूनच उतरवून घेता येतो. अडतं ते अपलोडला. फोटो ५ ते २० केबीच्या आत आणि १६० पिक्सेल रुंद, कागदपत्रं ७५ ते ५०० केबी. मोबाइलने काढलेला रेशनकार्डाचा फोटो सहज तीन-चार एमबीचा निघतो, म्हणून तो आधी लहान करून घ्या. फोटो लहान करताना अक्षरं पुसट झाली की अर्ज हमखास त्रुटीत पडतो. दाखल्यांच्या पुढे मात्र पोर्टलच्या जोरावर एकट्याने सगळं पार पडेल, असं धरून चालू नका. निराधारचा अर्ज तालुक्याच्या समितीसमोर जातो, चौकशी होते, मूळ कागद बघितले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवरून सेवा देण्यासाठी राज्य सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याची मालक कंपनी मेटाशी करार केला आहे. सोयीची गोष्ट आहे, पण समितीसमोरची पायरी त्यानेही चुकत नाही.

सेवा केंद्र ही खरी भागीदारीतून उभी राहिलेली व्यवस्था. केंद्र सरकारने सीएससीसाठी, म्हणजे देशभरच्या सामाईक सेवा केंद्रांसाठी, २००९ मध्ये वेगळी कंपनी काढली. राज्यात सरकार आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी मिळून २०१० मध्ये महाऑनलाइन ही कंपनी सुरू केली. नियम आणि सही सरकारची, यंत्रणा कंपनीची, आणि खुर्चीवर बसलेला चालक तुमच्याच वस्तीतला, दर अर्जामागे ठरावीक पैसे मिळवणारा. यातच या वाटेचं बळ आहे आणि धोकाही. चालक रोज हेच काम करतो. कोणता कागद कमी आहे, हे तो फाइल चाळतानाच सांगतो. पण त्याची कमाई अर्ज भरण्यावर असते, मंजुरीवर नसते. फलकावरच्या दरापेक्षा जास्त पैसे मागितले, तर पावती मागा. पावतीवर दिसेल तेवढीच फी.

केंद्रात सगळ्यात महत्त्वाचा रकाना मोबाइल नंबरचा. बाईंकडे फोन नसतो, रांग लागलेली असते, आणि चालक स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो. मग त्रुटीचा मेसेज त्याच्या फोनवर येतो, शेकडो मेसेजमध्ये बुडतो, आणि बाई घरी मंजुरीची वाट बघत राहतात. म्हणून नंबर मुलीचा, सुनेचा, भाच्याचा टाका, पण घरातलाच टाका. आधारलाही तोच जोडलेला असावा. नसेल तर पोस्टमन घरी येऊन आधारचा मोबाइल नंबर बदलून देतो; इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेकडून ही सेवा मिळते. चालू न शकणाऱ्या म्हातारीसाठी याहून चांगला उपाय नाही.

दुसरी अडचण अंगठ्याची. वर्षानुवर्षं राखेने, साबणाने भांडी घासलेल्या हाताच्या रेषा इतक्या झिजतात की मशीनवर लाल दिवाच लागत राहतो. बाई अंगठा पदराला पुसतात, पुन्हा ठेवतात, पुन्हा लाल. आधी बाकीची बोटं लावून बघायला सांगा. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय केंद्रात असेल तर ती मागा. ‘अंगठा येत नाही’ म्हणून कोणालाही परत पाठवू देऊ नका.

पैसे आता डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट बँक खात्यात येतात, आणि इथेच मंजूर झालेली प्रकरणंसुद्धा अडकतात. एका आधारवर डीबीटीसाठी एकच बँक जोडलेली असते. अर्जासोबत एका बँकेचं पासबुक दिलेलं असतं आणि निराधारचा पगार, म्हणजे महिन्याचं अनुदान, मधे कधीतरी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात पडत राहतो. आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकला की जोडलेल्या बँकेचं नाव दिसतं. अर्जाआधी हे बघाच.

तिसरी वाट तहसीलची. वेळ खाणारी आहे, पण काही प्रकरणांत तीच बरी. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर एक नाव आणि आधारवर वेगळं, रेशनकार्ड अजून सासऱ्याच्या नावावर, नवरा सोडून गेलेला पण कागद काहीच नाही, अशा गुंत्यात समोर बसलेला कारकूनच सांगू शकतो की कोणतं प्रतिज्ञापत्र चालेल. मे महिन्याच्या उन्हात म्हातारीला दुपारी रांगेत उभं करू नका, सकाळी ऑफिस उघडताच जा. जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशांमुळे दाखल्यांची गर्दी असते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की विधानभवनामुळे सिव्हिल लाइन्सभर बंदोबस्त असतो.

मला विचाराल तर कागद सरळ असतील आणि घरात फोन हाताळणारं कोणी असेल, तर दाखले पोर्टलवरून काढा आणि निराधारचा फॉर्म जवळच्या केंद्रातून, स्वतः शेजारी बसून भरा. घरात असं कोणीच नसेल तर दाखलेही केंद्रातूनच काढा. नावात किंवा नात्यात गुंता असेल तर आधी तहसील, मग फॉर्म.

उत्पन्नाच्या दाखल्याला लोकसेवा हक्क कायद्याखाली १५ दिवसांची मुदत आहे. २०१५ च्या या कायद्याने मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपिलाला पावतीवरचा अर्ज क्रमांक लागतो, तेव्हा ती छापील पावती हातात आल्याशिवाय केंद्रातून उठू नका.